निळ्या ताडपत्रीवरची विहीर

मित्रांनो, माझ्या अंगावर एक विहीर आहे आणि तिच्यात चौथीतला पिंटू आतापर्यंत चौदा वेळा पडला आहे. घाबरू नका, विहीर रंगवलेली आहे. मी एक जुनी निळी ताडपत्री आहे. तिवस्याजवळच्या एका लहानशा गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत राहते.

आधी मी शेतकरी नत्थुजींच्या घरी होते. नऊ वर्षे त्यांनी माझ्याकडून काम करून घेतले. सोयाबीनचा ढीग झाक, तुरीच्या पोत्यांवर बस, लग्नात मांडवावर चढ. खोटे कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. पण एका उन्हाळ्यात उंदरांनी मला भोक पाडले आणि नत्थुजींनी मला गुंडाळून गोठ्यात टाकले. तिथे शेळी माझ्यावर बसायची. शेळीबद्दल मी जास्त बोलत नाही.

त्यांची नात प्रणाली चौथीत शिकते. तिच्या ललिता मॅडमना काहीतरी मोठे अंथरायला हवे होते, तेव्हा प्रणालीने मला मागून नेले. मॅडमनी माझ्यावर पांढऱ्या रंगाने चौकोन आखले. भोकाला ठिगळ लावले आणि ठिगळावर विहीर काढली. एका टोकाला संत्र्यांची टोपली काढली. शाळेत संगणक एकच, तोही सारखा बंद पडायचा. मॅडम म्हणाल्या, संगणक बंद असला म्हणून काय झाले, त्याला शिकवायला लागतो तसा विचार तर करता येतो. मोठ्या कामाचे लहान तुकडे करायचे, एकेक पाऊल क्रमाने लिहायचे. आणि चुकले तर सगळे पुसून टाकायचे नाही, कोणते पाऊल चुकले ते शोधायचे.

मग पिंटू यंत्र व्हायचा. मुलांनी चिठ्ठ्या लिहून त्याला मधल्या चौकोनातून, विहीर चुकवत, संत्र्यांच्या टोपलीत पोचवायचे. चिठ्ठीत लिहिले असेल तेवढेच तो करणार, मनाचे काही नाही. पहिल्या दिवशी मुलांनी नुसते 'पुढे जा' लिहिले, कुठे थांबायचे ते लिहिलेच नाही. पिंटू माझ्यावरून उतरला, दारातून बाहेर गेला आणि कुंपणाला नाक लावून उभा राहिला. मी अंगभर सुरकुत्या पडेपर्यंत हसले. इतकी मजा मला मांडवावर चढूनही आली नव्हती.

नत्थुजींना मात्र हे सगळे पोरखेळ वाटत होते. सोयाबीन काढणीला आले होते. त्यांनी प्रणालीला बजावले, तिवस्याला भरणाऱ्या शाळांच्या मेळाव्यात खेळ जमला तर ताडपत्री शाळेची, नाही तर ती परत ढिगावर. त्या दिवसापासून प्रणालीचे जेवणावरचे लक्ष उडाले. माझेही उडाले असते, पण मी जेवत नाही.

मेळाव्याला नत्थुजी स्वतः आले आणि पुढच्याच खुर्चीवर बसले. तिथल्या मुलांनी मला मैदानात पसरले. प्रणालीने पहिली चिठ्ठी वाचली, 'उगवतीकडे दोन घरे जा.' पिंटू गेला आणि सरळ विहिरीत जाऊन उभा राहिला. सगळे मैदान हसले. नत्थुजींनी काठी उचलली.

"चाल व बाई घरी. ताडपत्री सोयाबीनवरच बरी हे."

प्रणालीचे डोळे भरून आले, पण ती जागची हलली नाही. तिने एकेक चिठ्ठीवर बोट ठेवले, पहिलीपासून सातवीपर्यंत. एकही चुकलेली नव्हती. मग तिने वर सूर्याकडे पाहिले आणि खाली माझ्याकडे पाहिले. मला तर केव्हाच कळले होते, पण ताडपत्रीचे कोण ऐकतो! शेताचा बांध दाखवायचा असो की बसायची जागा, आमच्या गावात सगळे उगवती-मावळतीनेच बोलतात. मुलांनी चिठ्ठ्याही तशाच लिहिल्या होत्या. शाळेत मला रोज एकाच बाजूने पसरतात, म्हणून कधी अडले नाही. इथल्या मुलांना ते काय माहीत! त्यांनी मला नेमके उलटे पसरले होते आणि संत्र्यांची टोपली मावळतीला गेली होती.

"चिठ्ठ्या बरोबर हायेत," प्रणाली म्हणाली. "ताडपत्री उलटी हातरली. आबाजी, तुमी तो कोपरा धरा."

नत्थुजींनी काठी खाली ठेवली आणि माझा कोपरा धरला. उरलेले तीन कोपरे मॅडमनी, पिंटूने आणि प्रणालीने धरले. मी अर्धी गिरकी घेतली. सात चिठ्ठ्या वाचून झाल्या आणि पिंटू बरोबर टोपलीत उभा होता. मला इतका आनंद झाला की वारा नसतानाही मी फडफडले.

परत येताना मॅडमनी मुलांना नवे काम दिले. आता चिठ्ठ्या अशा लिहा, की ताडपत्री कशीही पसरली तरी पिंटू पोचला पाहिजे. तेवढ्यात मागून नत्थुजी बोलले, "डावा-उजवा लिहा नं. बैलाले काय उगवत समजते?"

त्या दिवसापासून मी शाळेची झाले. सोयाबीनवर आता दुसरी ताडपत्री असते, शेळीचे तिचे ती पाहून घेईल.

म्हणून मित्रांनो, काही चुकले तर रागाने फाडून टाकू नका. एकेक पाऊल तपासा. सगळी पावले बरोबर निघाली, तर पायाखाली काय पसरले आहे तेही पाहा. आणि माझी एक विनंती आहे. घडी घालण्याआधी माझ्यावरची माती झटकत जा, आणि घडी विहिरीवर पाडू नका, ठिगळ उसवते. ती विहीर मला जपायची आहे. दर शनिवारी नत्थुजी शाळेत येतात, चपला बाहेर काढतात आणि यंत्र होतात. गेल्या शनिवारी ते दोनदा विहिरीत पडले.