सिस्टरचं लॉन

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यांना सगळे उस्ताद म्हणत. त्यांची बायको हॉस्पिटलात नर्स होती, म्हणून अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. ही सवय इतकी मुरली होती की उस्ताद स्वतःसुद्धा कधीकधी फोनवर "सिस्टर, जेवायला येतोय," असं म्हणून जायचे. मग खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला हसू फुटायचं आणि ते आवरेपर्यंत वस्तरा हवेत धरून उभं राहावं लागायचं.

सिस्टर निवृत्त झाल्या आणि घरापुढच्या मोकळ्या जागेच्या मागे लागल्या. तिथे विटांचे तुकडे, गंजके खिळे आणि बांधकामाची उरलेली खडी याशिवाय काही नव्हतं. ते सगळं त्यांनी स्वतः उपसलं, माती आणून पसरली, बी टाकलं. पुढच्या वर्षी तिथे लॉन झालं. फार मोठं नाही, दोन खाटा आडव्या टाकल्या तर भरून जाईल एवढंच. पण रस्त्याने जाणारा माणूस चालता चालता मान वळवून बघायचा. उस्तादांना मात्र त्या लॉनची ओळख एवढीच होती, की सकाळी दुकानाला निघताना मागून आवाज यायचा, "फरशीवरून जा हो. गवतावरून नको."

एका सकाळी सिस्टर न्हाणीघरात घसरल्या आणि मनगट मोडून घेतलं. कोपरापर्यंत प्लास्टर आलं. जन्मभर दुसऱ्यांना "हालचाल करू नका" असं सांगणाऱ्या बाई पेशंट म्हणून भलत्याच अवघड निघाल्या. एका हाताने भांडी घासायला जायच्या, गळ्यातली झोळी काढून ठेवायच्या, आणि उरलेला वेळ खिडकीत उभ्या राहून गवताकडे बघायच्या. ते वाढत चाललं होतं.

"मी कापतो की," उस्ताद म्हणाले. "आयुष्यभर दुसरं काय केलं?"

"तुम्ही केस कापलेत. लेकीला येऊ दे, तिला सांगेन मी."

उस्तादांना हे लागलं. दुकान बंद असायच्या दिवशी लेक आली आणि आईला तपासणीला घेऊन गेली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तसं उस्तादांनी मागच्या खोलीतून गवत कापायचं मशीन बाहेर काढलं. चाकाजवळ उंची ठरवायचा एक दांडा होता. उस्तादांनी तो अगदी खाली ओढला. त्यांच्या हिशेबाने हे साधं होतं. बारीक कापलं की लवकर वाढत नाही, आणि बायकोचा हात बरा होईपर्यंत कुणाला चिंता नको.

झिरो मशीन मारल्यासारखं गवत निघालं. कडा त्यांनी कात्रीने साधल्या. शेवटी दुकानातला मऊ ब्रश आणून, गिऱ्हाइकाची मान झटकतात तसे फरशीवरचे तुकडे झटकले आणि फाटकाशी उभे राहून बघितलं. काम चोख झालं होतं.

सिस्टर परत आल्या. फाटकातच थांबल्या. लेकीने बापाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"चहा टाकता का?" एवढंच सिस्टर म्हणाल्या आणि आत गेल्या.

उस्तादांना वाटलं, आनंदाने तिला बोलवत नाहीये. चहात त्यांनी आलं जास्त घातलं.

पुढच्या आठवड्यात ऊन कडक पडलं. लॉन आधी फिकट झालं, मग पिवळं, मग झाडूच्या काड्यांसारखं. मधे मधे तर नुसती माती दिसायला लागली. उस्ताद संध्याकाळी घरी आले की गुपचूप पाणी मारायचे, पण काही उपयोग होईना. शेवटी एकदा जेवताना त्यांनीच विषय काढला.

"मरतंय का गं ते?"

सिस्टरनी घास खाली ठेवला. "अहो, केसांना पोसायला खाली डोकं असतं. गवताला कोण आहे? ते आपल्या पात्यावरच जगतं. उन्हात पातं काम करतं तेव्हा मुळाला खायला मिळतं. तुम्ही त्याचं स्वयंपाकघरच कापून टाकलंत."

"मग मला तेव्हाच का नाही बोललीस?"

"काय बोलणार? तुम्ही इतके खूश होऊन उभे होतात."

सिस्टर बराच वेळ ताटातल्या भाताशी चाळा करत राहिल्या, मग म्हणाल्या, "निवृत्त झाले ना, तेव्हा पहाटे जाग यायची. उठून पायात बूट चढवायचे. दारापर्यंत गेल्यावर आठवायचं की कुठेच जायचं नाहीये. तुम्ही दुकानात. लेक तिच्या घरी. ज्याचं हवं-नको बघावं असं उरलंच नव्हतं कुणी. म्हणून ते लावलं."

इतकी वर्षं एका छपराखाली राहून हे उस्तादांना माहीत नव्हतं. ते उठले, तिचं ताट उचललं, आणि स्वतःचं तसंच टेबलावर विसरले.

दुसऱ्या दिवसापासून सलून उशिरा उघडायला लागलं. दारावर पाटी लावली नाही. विचारणाऱ्याला उस्ताद सांगायचे, "घरी एक पेशंट आहे." लोकांना वाटायचं, सिस्टरबद्दल बोलतायत. तेही खोटं नव्हतं.

सकाळी सिस्टर खुर्ची टाकून बसायच्या आणि उस्ताद गुडघ्यांवर. आधी मेलेलं गवत दाताळ्याने ओढून काढलं. मग बागकामाच्या काट्याने जमिनीला भोकं पाडली, म्हणजे पाणी खाली उतरेल.

"रोज थोडं थोडं शिंपडू नका," सिस्टर सांगायच्या. "वरवर ओलं राहिलं की मुळं वरच राहतात, आळशी होतात. एकदाच भरपूर द्यायचं, खोल मुरू द्यायचं, मग माती सुकत आली की पुन्हा. पण हे जुन्या गवताचं झालं. आता बी टाकलं की ते रुजेपर्यंत वरची माती ओलीच ठेवायची."

"तान्ह्या बाळाचं वेगळं, थोरांचं वेगळं."

"आता कसं कळायला लागलं."

बी टाकलं, वर बारीक माती चाळली. त्यावर चिमण्या उतरल्या तेव्हा उस्ताद सलूनमधला टॉवेल घेऊन त्यांना हाकलत बसले. लेकीचा नेमका व्हिडिओ कॉल आला. "बाबा, तुम्ही कुणाशी भांडताय?" तिने विचारलं, आणि मोबाइल चिमण्यांकडे वळवल्यावर ती इतकी हसली की आईलाही हसू आलं. प्लास्टर आल्यापासून सिस्टर हसल्या त्या पहिल्यांदाच.

तिथेच बसल्या बसल्या एकदा सिस्टर डाव्या हाताने केसांशी झटापट करत होत्या. कंगवा अडकला होता. उस्तादांनी मातीचे हात पँटला पुसले, मग नळावर जाऊन नीट धुतले आणि मागे येऊन उभे राहिले.

"आण इकडे."

"तुम्हाला लांब केसांचं काय कळतं? तुमची सगळी गिऱ्हाइकं निम्मी टकली."

"मान सरळ."

सिस्टरनी मान सरळ केली. उस्तादांनी टोकापासून गुंता सोडवत आणला, कुठेही ओढ न लावता. वेणी मात्र जमली नाही. ती एका बाजूला झुकली, शेवटी दोरखंडासारखी दिसायला लागली. सिस्टरनी हाताने चाचपून बघितली आणि तशीच ठेवली. दुपारी समोरच्या वहिनी विरजणाला दही मागायला आल्या, वेणीकडे बघून काही विचारणार होत्या. "आमच्या उस्तादांनी घातलीय," सिस्टरनी आधीच सांगून टाकलं.

घराच्या बाजूला गवताची एक चिंचोळी पट्टी होती. तिथे उस्तादांचं मशीन पोचलं नव्हतं, सिस्टरनीच कापलेलं जुनं गवत होतं. एका सकाळी उस्ताद तिथे उकिडवे बसले. एक पातं तोडून उजेडात धरलं, मग दुसरं.

"अगं, ह्याची टोकं बघ. पांढरी, पिंजलेली. हे कापलेलं नाही, चावलेलं आहे. मशीनच्या पात्याला धार कधी लावली होतीस?"

"धार?" सिस्टर म्हणाल्या. "नवीन आलं तेव्हा असेल की."

"बोथट वस्तऱ्याने दाढी केली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात भांडायला येतं. हे बिचारं तिथेच उभं."

सिस्टर जरा ओशाळल्या. "म्हणजे मी पण छळच केला म्हणा त्याचा."

"माझ्यापेक्षा कमी."

त्यांनी मशीनची वायर काढून ठेवली, पातं सोडवलं आणि ओट्यावर बसून सावकाश घासत राहिले. सिस्टर शेजारी बसून बघत होत्या. नवऱ्याला काम करताना इतका वेळ त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. दुकानात बायकांनी येऊन बसावं अशी जागा नव्हती, आणि त्यांनाही स्वतःची ड्यूटी असायची.

बी उगवलं. आधी डोळे बारीक करून बघावं लागेल इतकं, मग लांबूनही कळेल असं. जुन्या मुळांनीही जीव धरला. एव्हाना प्लास्टर निघालं. आतला हात बारीक आणि पांढुरका झाला होता, मूठ नीट वळत नव्हती. गवत कापण्याजोगं उंच झालं त्या दिवशी दोघं मशीनपाशी उभे राहिले. सिस्टरनी दांडा वरच्या खाचेत टाकला.

"आहे त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त एका वेळी घ्यायचं नाही. थोडं थोडं, पण वेळेवर."

"आणि कापलेलं झाडून टाकू?"

"बारीक आहे, पडू दे तिथेच. खतच होतं त्याचं."

"तू कर सुरू."

सिस्टरनी मूठ धरून बघितली आणि सोडली. "तुम्हीच करा. मी बघते."

उस्तादांनी मशीन ढकललं. जाताना एक पट्टा, येताना दुसरा. सिस्टर वायर सांभाळत मागून चालत होत्या, "सावकाश," "डावीकडे घ्या," असं सांगत. नंतर सांगायचं काही उरलं नाही, तेव्हा नुसत्याच चालत राहिल्या.

फाटकाजवळचा एक तुकडा काही केल्या भरला नाही. दोनदा बी टाकलं, दोनदा वाया गेलं. उस्तादांच्या जिवाला ते लागून राहिलं होतं. शेवटी त्यांनी सलूनसाठी नवीन खुर्च्या घेतल्या आणि गिऱ्हाइकं वाट बघत बसायची ते जुनं लाकडी बाक गाडीवर टाकून घरी आणलं. ते बरोबर त्या उघड्या जागेवर बसलं.

त्या संध्याकाळी ते दुकानातून लवकर आले. सिस्टर बाकावर बसल्या होत्या, चपला काढून, पाय गवतात सोडून.

"काय झालं?" उस्तादांनी घाबरून विचारलं.

"काही नाही. इतकी वर्षं मी ह्याच्यात नुसती वाकूनच होते. बसून कधी बघितलं नव्हतं." त्यांनी सरकून जागा केली. "या. गार लागतं पायाला."

उस्ताद फरशीवर थबकले.

"गवतावरून येऊ?"

"या की," सिस्टर म्हणाल्या. "चपला मात्र काढा."