सुईवरचा ताईत

रुक्माबाईंच्या ओसरीवर त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बेला, भीमपूर या गावांकडची माणसं गाड्या जुंपून आली होती आणि सगळ्यांचे डोळे एका जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर खिळले होते. त्यातून मेलेला माणूस बोलतो, असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

मेलेला माणूस म्हणजे आमचे शेजारी यशवंतराव. भजनाला त्यांच्यासारखा गळा पंचक्रोशीत नव्हता. तरुणपणी हैदराबादला जाऊन त्यांनी एक तबकडी भरून आणली होती. एका बाजूला त्यांचं भजन, दुसरी बाजू कोरी. ती कंपनी पुढे बुडाली. १९८६च्या वैशाखात यशवंतराव गेले, आणि त्यांच्या आवाजाची जगात तेवढीच एक खूण त्यांच्या बायकोकडे, रुक्माबाईंकडे उरली.

तेराव्याला तबकडी लावली, तर सुई एकाच ओळीत अडकली. "थांब थोडा देवा... थांब थोडा देवा..." बायका हंबरडा फोडून रडू लागल्या. गावोगाव ताईत बांधत फिरणारे धोंडीबा महाराज पंगतीतच बसले होते. भाताचा हात तसाच वर करून ओरडले, "अडकला! यशवंता वैकुंठाच्या दारात अडकला!"

मग त्यांनी गळ्यातला तांब्याचा जाडजूड ताईत काढला, काहीतरी पुटपुटत सुईच्या दांड्यावर बांधला. भजन सरळ शेवटपर्यंत गेलं! लोकांनी महाराजांचे पाय धरले. जेवणही पुन्हा वाढलं.

महाराजांची आज्ञा झाली की, श्रावण सरेपर्यंत तबकडी दोन्ही वेळा वाजवायची आणि ताईत हलवायचा नाही. सुईपाशी काळा भुगा साचे, तो बुक्का म्हणून कपाळाला लावायचा. मुलगा माणिकराव आवाज कॅसेटवर उतरवून घ्यायला निघाला, तर महाराज कडाडले, "दोन जागी ठेवशील तं बापाच्या जिवाचे दोन तुकडे होतीन!" माणिकराव शिकलेला होता, पण बापाच्या जिवाशी कोण खेळणार? मी महाराजांशी बोलून पाहिलं. "तुमाले काय समजते त्यातलं?" एवढंच उत्तर मिळालं.

आषाढात आवाज खरखरू लागला, बारीक झाला. "आत्मा वर चढून राह्यला, म्हून आवाज दूर जाऊन राह्यला," महाराजांनी खुलासा केला. गर्दी आणखी वाढली. रुक्माबाई मात्र खंगत चालल्या. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या कौशल्याबाई भेटायला आल्या, तेव्हा रुक्माबाई त्यांचा हात धरून म्हणाल्या, "बाई, मले नाई जाऊ द्याचं त्यायले. काई तरी करा वो."

म्हणून कौशल्याबाई शाळेतलं भिंग घेऊन त्या संध्याकाळी आल्या.

"महाराज, ताईत काढून पाहू?"

"काढसान तं आत्मा भटकन!"

"भटकला तर माझ्या घरी पाठवा."

बाईंनी ताईत काढला. सुई पुन्हा त्याच ओळीत अडकली. गर्दी हळहळली. मग बाईंनी अंगणातल्या ओल्या मातीचा गोळा ताईताएवढा जड करून दांड्यावर थापला. भजन पुढे सरकलं.

"आता मंत्र कोणी म्हटला?"

"मातीतबी देव हाये," महाराज म्हणाले.

"मग तांबं कशाले पायजे होतं?"

महाराजांना तेवढ्यात दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं.

बाईंनी सुई काढून भिंगाखाली एकेकाला दाखवली. तिचं टोक गुळगुळीत, गोल असायला हवं होतं. ते झिजून छिन्नीसारखं झालं होतं. "अशी सुई तबकडीच्या रेघेत बसत नाई, उडते, अन् मागच्या रेघेत पडते. वजन ठेवलं की दाबून पुढं जाते, पण जाता जाता रेघ खरवडते. दरवेळी थोडी थोडी."

"मंग हा बुक्का?" रुक्माबाईंनी विचारलं.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "काकू, ते तबकडीचंच खरवडलेलं हाये. त्यातच आवाज होता."

रुक्माबाईंनी कपाळ पुसायला पदर वर नेला आणि तसाच खाली घेतला.

"नवी सुई लावली तं येईन ना परत?"

"सुई नवी भेटते, काकू. रेघ नाई भेटत."

दुसऱ्या दिवशी माणिकरावाने आदिलाबादहून नवी सुई आणून कॅसेट भरली. खरखरीच्या मागे कोणीतरी गातंय, एवढंच कळतं. रुक्माबाईंनी ती एकदाच ऐकली. "हे ते नाईत," म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

लोक मला विचारतात, चार नारळ आणि दोन पंगती, महाराजाने असं काय मोठं लुटलं? पहिल्याच दिवशी कोणी सुई काढून पाहिली असती, तर त्या घरात आजही यशवंतराव गात असते. म्हणून हात जोडून सांगतो, यंत्र अडलं तर आधी यंत्र तपासा, माणूस आजारी पडला तर आधी डॉक्टर गाठा, आणि 'हात लावू नका' असं कोणी दरडावलं तर तिथेच आधी हात लावा. आम्हाला अक्कल आली, पण रुक्माबाईंच्या ती काही कामाची नव्हती.