तोंडाला कोरड

वाळवंटाला लागलेल्या दहब गावच्या किनाऱ्यावर फ्रेजमामांना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि मासा तर नाहीच नाही. मामा पाण्याखाली श्वास घ्यायचे तेव्हा त्यांचा जुना रेग्युलेटर शीळ घालायचा. ती ऐकून कपारीतले नागिल मासे डोकं बाहेर काढून बघायचे, कोण पाहुणा आला ते. मामांचं म्हणणं असं, की त्यातल्या एका म्हाताऱ्या नागिलला त्या शिळेची इतकी चटक लागली की तो मामांच्या तोंडातून रेग्युलेटर हळूच काढून घेई, एक दम मारी आणि सभ्यपणे परत देई. हे खोटं आहे म्हणणारी माणसं गावात आहेत. पण त्यांच्यापैकी एकही त्या नागिलला भेटलेला नाही.

रेग्युलेटर म्हणजे टाकीत ठासून भरलेली हवा माणसाला सोसेल इतकी मऊ करून तोंडात देणारी वस्तू. मामांचा होता पितळी, तव्याएवढा, कुणा इटालियन पाहुण्यानं जाताना गळ्यात पडून दिलेला. आतली चकती फाटली तेव्हा मामांनी तिथे उंटाचं कातडं बसवलं. "तेव्हापासून त्याला तहान म्हणून लागत नाही," असं ते शपथेवर सांगत. प्रत्यक्षात तो दर श्वासाला घोटभर समुद्र पीत असे, ही गोष्ट वेगळी.

पुढे मामांचे कान फुटले आणि डॉक्टरनं त्यांचं पाणी बंद केलं. त्याच हंगामात त्यांचा भाचा स्वेलम पाण्याखालचा वाटाड्या म्हणून पास झाला. मामांनी भर बैठकीत, सगळ्या मझैना जमातीच्या म्हाताऱ्यांसमोर, तो पितळी तवा भाच्याच्या गळ्यात घातला.

"आजवर भाड्याच्या यंत्रानं श्वास घेतलास," मामा म्हणाले, "आता घरच्या यंत्रानं घे."

स्वेलमनं मामांच्या खांद्यावर ओठ टेकले. आणि त्याच वेळी त्याच्या मनात वगीहच्या दुकानातला काळा, हलका, नवाकोरा रेग्युलेटर चमकून गेला. पापाची सुरुवात तिथे झाली.

आठवडाभर त्यानं तो घरचा रेग्युलेटर वापरला. पाण्याखाली शीळ घुमायची. वर आलं की पाहुण्या बायका हसत हसत त्याला 'किटली' म्हणायच्या. दुसरे वाटाडे त्याला बघितलं की चहा मागायचे. मामांनी दिलेली वस्तू परत करता येत नाही आणि खुंटीला टांगून ठेवणं तर त्याहून वाईट. मग एका संध्याकाळी स्वेलमनं तो आपल्या जुन्या फडक्यात गुंडाळला, पिकअपच्या सीटखाली कोंबला आणि बैठकीत येऊन मान खाली घालून सांगितलं, "मामा, घात झाला. तुमचा रेग्युलेटर निळ्या विहिरीत पडला."

निळी विहीर म्हणजे प्रवाळाच्या पोटातलं ते अथांग भोक. तिथे पडलेलं परत येत नाही. थाप अगदी मापून मारली होती.

मामा काही बोलायच्या आत सुबैह बोलला. हा मामांचा जन्माचा दुष्मन. दोघं रोज एकाच किटलीतला चहा पितात म्हणून दुष्मनी टिकून आहे.

"फ्रेजच्या गळ्यात इतकी वर्षं टिकला आणि ह्याच्या गळ्यात आठवडा टिकला नाही? पोरगा पळी चाटेल का, विचारा."

पळी म्हणजे कॉफीचे दाणे भाजायची लोखंडी पळी. डोंगरापलीकडे एक माणूस बसतो, तो ती निखाऱ्यात लाल करतो आणि ज्याच्यावर संशय त्याला जिभेनं चाटायला लावतो. खऱ्याच्या तोंडात पाणी असतं, त्याला काही होत नाही. खोट्याच्या तोंडाला कोरड पडलेली असते, त्याची जीभ भाजते.

फ्रेजमामा उठून उभे राहिले. "पळी राहू दे चुलीत. मी माझं तोंड मध्ये ठेवतो. माझा भाचा खरं बोलतो."

आमच्यात एखाद्यानं आपलं तोंड मध्ये ठेवलं की बोलणं संपतं. ज्याच्यासाठी ठेवलं तो पुढे खोटा निघाला तर त्याला कुणी काही म्हणत नाही. काळं होतं ते ठेवणाऱ्याचं तोंड, आणि ते त्याच्या नातवंडांनाही धुता येत नाही.

सुबैहनं दोन्ही हात वर केले. "तुझं तोंड आहे बाबा, ठेव." चहा पुन्हा फिरू लागला. स्वेलमनं पेला ओठाला लावला तर चहा जिभेवरून वाळूवर सांडावा तसा जिरून गेला. तोंड कोरडं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो वगीहच्या दुकानात गेला. वगीह अलेक्झांड्रियाचा, गोलमटोल, गिऱ्हाइकापेक्षा स्वतःच्याच बोलण्यावर जास्त खूश.

"ये पाशा! किटली बुडाली म्हणे? माझ्या डोळ्यात पाणी आलं. बरं, पहिला रेग्युलेटर ना? मग रंग बघू नकोस. बिघडला तर इथे दुरुस्त होतो का, सुटे भाग मिळतात का, ते बघ. बायको करताना सासर बघतात तसं."

स्वेलमनं तरी तो काळा, हलकाच उचलला. वगीहनं वापरून बघायला दिला. पाण्यात उतरला तर हवा काय गोड! शीळ नाही, गळती नाही, ओढायचीसुद्धा गरज नाही. आणि थोड्या वेळानं टाळूला जीभ चिकटली. वर आला तेव्हा पाहुण्यांना कासव कुठे होतं हेही त्याला सांगता येईना, नुसता हात दाखवत राहिला.

"हा बदलून द्या, उस्ताद. तोंडाला कोरड पडते."

"अरे, टाकीतली हवा कोरडीच असते. भरतानाच तिचं पाणी काढून घेतात. सगळ्यांची तोंडं कोरडी पडतात."

"माझं आधी कधी पडलं नाही."

"कसं पडेल? तुझ्या मामांचा गळका होता, दर श्वासाला समुद्र पाजत होता तुला!"

खरं तर एवढ्यानं शहाण्या माणसाचं समाधान झालं असतं. पण ज्याच्या सीटखाली पाप गुंडाळून ठेवलंय त्याला शहाणपण कुठून सुचणार? स्वेलमला एवढंच कळलं, की पळी चुकवली तरी ती सुटत नाही. वर चाटली नाही तर खाली तोंडात धरावी लागते. त्यानं दुसरा मागितला, हवा कमीजास्त करायची कळ असलेला. कळ दोन्हीकडे फिरवून पाहिली, कोरड तीच. मग वगीहनं वैतागून धातूच्या पेटीचा काढून दिला. "हा घे. सोडलेल्या श्वासातला ओलावा हा धातूवर धरतो आणि पुढच्या श्वासाला परत देतो. यानंही तोंड वाळलं तर पाशा, दुकानात येऊ नकोस, हकिमाकडे जा."

तोंड वाळलं.

इकडे मामांनी वेगळंच सुरू केलं होतं. त्यांनी एक लांबच लांब दोर वळला, त्याला शार्कसाठी करावा तसा तिकाटी गळ बांधला आणि रोज सकाळी निळ्या विहिरीच्या काठावर जाऊन बसू लागले. "तो वर आला की सुबैहच्या मांडीवर नेऊन ठेवतो," म्हणायचे. त्यांना तिथे न्यायचं कुणी? भाच्यानं, आपल्या पिकअपमधून. आणि मामा बसायचे कुठे? नेमके त्या सीटवर.

"काहीतरी टोचतंय रे इथे," मामा पहिल्याच दिवशी म्हणाले.

"स्प्रिंग असेल, मामा."

"स्प्रिंग इतकी ओळखीची टोचत नाही."

स्वेलमच्या हातून गाडी रस्त्यावरच्या शेळीवर जाता जाता राहिली.

मामांच्या गळाला काय काय लागलं म्हणून सांगू! एक चष्मा, एक कॅमेरा, जर्मन माणसाचा बूट आणि एकदा तर नांगर, तो ज्या बोटीचा होता तिच्यासकट. बोटवाले अजून मामांशी बोलत नाहीत. पण रेग्युलेटर काही लागेना. उन्हानं मामांची पाठ सोलून निघाली, तळहाताला दोरानं घट्टे पडले. स्वेलम पाहुण्यांना घेऊन पाण्यात उतरायचा तेव्हा खालून वर पाहिलं की निळ्यातून सरळ खाली सोडलेला तो दोर दिसायचा. रेघेसारखा. तो पाहिला की धातूची पेटीसुद्धा तोंडात हवेऐवजी राख देऊ लागायची.

मग एके दिवशी परत येताना मामा म्हणाले, "गळानं जमत नाही. उद्या मीच खाली उतरतो."

"मामा, कान!"

"कान काय, दोन आहेत. आणि आता ऐकायचंय तरी काय? सुबैहचं बोलणं?" ते थोडे हसले. "तुझ्यासाठी नाही रे, माझ्यासाठी. काल सुबैह काही बोलला नाही. नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता. त्यापेक्षा कान गेलेले परवडले."

स्वेलमनं गाडी थांबवली.

"मामा, उतरा जरा."

"पंक्चर?"

"उतरा."

त्याला सांगायचं होतं, पण तोंडात इतकीही ओल नव्हती की शब्द सुटावा. त्यानं सीट उचलली. फडकं उलगडलं. उन्हात पितळ चमकलं.

मामांनी हात पुढे केला नाही. पितळाकडे बघत म्हणाले, "म्हणजे मी याच्यावर बसून याला शोधायला जात होतो?"

"हो, मामा."

"रोज?"

"रोज."

"तरी म्हटलं, ओळखीचं टोचतंय."

हसतील असं वाटलं, पण मामा हसले नाहीत. रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. स्वेलम समोर उकिडवा बसला. "शिव्या द्या. मारा मला. पाहिजे तर आत्ता जमातीच्या शेखसमोर जाऊन सांगतो. पळी चाटतो."

"चाट ना. जीभ तुझी भाजेल, चार दिवसांत बरी होईल. तोंड माझं काळं होईल, त्याचं काय करशील?" मामांनी वाळूची मूठ भरली आणि सोडून दिली. "नको होता तर सांगायचं होतंस, गाढवा. मी रुसलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, तुझ्या आईनं समजूत काढली असती. झालं असतं. नवा कुठला घेतलास?"

"ठरलं नाही अजून. सगळ्यांनी तोंडाला कोरड पडते."

तेव्हा मात्र मामांना हसू फुटलं, नको असताना. "म्हणून वगीह सांगत होता, तुझा भाचा माझं अख्खं दुकान चोखून गेला! अरे, कोरड काय रेग्युलेटरनं पडते?" मग हसू आलं तसंच गेलं. "ऐक. मी बैठकीत सांगितलं, माझा भाचा खरं बोलतो. तू म्हणालास, निळ्या विहिरीत आहे. तर तो तिथे असायला पाहिजे. वळव गाडी."

"मामा, नको. दुसरं काहीही सांगा."

"वळव."

विहिरीवर पोचल्यावर मामांनी तो पितळी तवा स्वेलमच्या टाकीला जोडायला लावला. गुडघाभर पाण्यात उभे राहिले, तोंडात धरला आणि डोळे मिटले. शीळ वाजली. एक श्वास, मग आणखी एक, मग बरेच. पाणी अगदी स्तब्ध होतं. त्या म्हाताऱ्या नागिलनं तेव्हा काठाशी येऊन डोकं वर काढलं असं मी सांगितलं असतं, पण त्या दिवशी तो आला नाही. मामांनी तोंडातून काढून तो स्वतःच्या मुंडाशानं पुसला आणि भाच्याच्या हातात दिला.

"हातानं सोड. फेकू नकोस."

जोडीदाराशिवाय पाण्यात उतरू नये, हा स्वेलमच्या धंद्याचा पहिला नियम. पण असल्या कामाला जोडीदार कुणाला घ्यायचं? तो धातूच्या पेटीचा रेग्युलेटर तोंडात धरून एकटाच कड्यापर्यंत गेला. पितळ छातीशी धरलं होतं. खाली निळं होतं, त्याखाली गडद निळं आणि त्याखाली काहीच नव्हतं. त्यानं बोटं उघडली. नळीत राहिलेली थोडी हवा बुडबुडे होऊन वर निघाली आणि पितळ जाताना एकदा हलकेच शीळ घालून गेलं. निदान स्वेलमला ती ऐकू आली. मग तो नुसता पिवळा ठिपका राहिला, मग तोही नाही.

संध्याकाळी बैठकीत सुबैहनं विचारलंच. "काय रे, सापडला का वाडवडिलांचा तवा?"

मामा निखारे सारखे करत राहिले.

"निळ्या विहिरीत आहे," स्वेलम म्हणाला. "वर येणार नाही."

"पळी चाटशील?"

"आणा."

बैठकीतली कॉफीची पळी चुलीत होती, ती लालच होती. स्वेलमनं हात पुढे केला, तेव्हा सुबैहच दचकून मागे सरकला. "अरे, थट्टा कळत नाही का याला? ठेव, ठेव! फ्रेज, आवर तुझ्या भाच्याला. खरा आहे बाबा, खरा आहे!" सगळे हसले. शेखनं मामांच्या पाठीवर थाप मारली. मामांचं तोंड उजळ राहिलं.

स्वेलमच्या जिभेला पाणी सुटलं होतं. खरं बोलला होता ना! पण त्या ओलाव्याची त्याला इतकी लाज वाटली की त्यानं तोंड मिटून घेतलं आणि पुन्हा उघडलं नाही.

मामांनी सगळ्यांना चहा ओतला. शेवटी त्याचा पेला भरला, त्याच्याकडे न बघता पुढे सरकवला.

"धातूचाच ठेव," ते हळूच म्हणाले. "त्याचे सुटे भाग इथे मिळतात, मी वगीहला विचारून आलोय."

शेजारच्या कुणीतरी मामांना त्या नागिलची गोष्ट सांगायचा आग्रह केला. मामा म्हणाले, कसला नागिल?