ओठांवरचं भांडण

लोटूचा श्वास गळ्यातल्या नळीतून सुळकन आत गेला, तेव्हा प्रमिलाबाईला वॉर्डातच नाचावंसं वाटलं. मेले आधीचे डॉक्टर दमा दमा म्हणून फवारे मारत बसले आणि नवऱ्याच्या घशात निघाली कॅन्सरची गाठ, तीही लाखात एखाद्याला होणारी! श्वासाची वाटच तिनं बुजवली होती, म्हणून डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी बसवली.

“आता आवाज निघणार नाही. लिहून सांगा,” म्हणत नर्सनं पाटी पुढं केली.

लोटूनं पाटी सारून नुसते ओठ हलवले.

“चहा मागताहेत!” प्रमिलाबाई ओरडली.

नर्स चाट पडली. “तुम्हाला कसं कळलं?”

“अहो, लिंबायतला कापडाच्या कारखान्यात हे लूम चालवतात, मी तिथंच सुताच्या कांड्या भरते. त्या खडखडाटात कुणाला काय ऐकू येतं? लग्नापासून आम्ही ओठांवरच भांडतोय!”

मग चहावरून दोघांची अशी जुंपली की विचारू नका! दोघांचे ओठ भराभरा हलत होते, पण नर्सला एक शब्द ऐकू येईना.

मध्येच लोटू थांबला. गालात हसत त्यानं तिच्या गळ्याकडं बोट दाखवलं आणि ओठांनीच विचारलं, “तुले काय व्हयनं? तुना आवाज कोठे गया?”