एकशे तेरा नंबरचा आंबा

उद्धवरावांच्या पोटात चुलतभाऊ अर्जुनरावांबद्दल जुनंच दुखणं होतं, त्या दिवशी तर कळच उठली. चाकणच्या नव्या रस्त्यासाठी झाडं मोजायला माणसं आली आणि बांधापलीकडच्या अर्जुनरावांच्या बारा झाडांवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकून गेली. एकशे एक ते एकशे बारा. बुंध्यांना टेप लावली, फोटो काढले, वर अर्जुनरावांच्या ओट्यावर चहाही झाला. उद्धवरावांचा आंबा बांधाला खेटूनच उभा, पण त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"लोकांच्या नजरेत त्याचंच सगळं भरतं," ते बायकोला म्हणाले. "आमी काय मेलोय व्हय?"

"अवो, ती तोडायची झाडं हायत," रंभाबाई म्हणाली. "आपलं सुटलं ते बरं झालं."

त्या आंब्याची कोय तिनं राजगुरुनगरहून, माहेराहून आणलेली. तीन उन्हाळे विहिरीवरून घागरी वाहून तिनं तो जगवला होता.

पण जळणाऱ्या माणसाला शहाणपण सांगून उपयोग काय? गावात दवंडीसारखी बातमी फिरली, मंगल कार्यालयात जनसुनावणी आहे, रस्त्याबद्दल लोकांचं म्हणणं सरकार ऐकणार. सरपंचांनी ठरवलं, ज्यांची झाडं जाणार त्यांना पुढच्या खुर्च्या, बोलायचा मानही पहिला. झालं! अर्जुनराव पुढं खुर्चीत आणि आपण मागं सतरंजीवर. हे काही उद्धवरावांच्या घशाखाली उतरेना. त्यांनी चौकटीला लावून उरलेला ऑइलपेंट काढला आणि भर दुपारी आंब्यावर झोकात लिहिलं, एकशे तेरा. आता बोला!

सुनावणीला ते कडक इस्त्रीच्या कपड्यांत अर्जुनरावांच्या शेजारीच जाऊन बसले. अर्जुनराव बोलायला उठले.

"साहेब, रस्ता नको आसं न्हाई. पण जरा वळवून न्या. आमच्या म्हाताऱ्यानं लावल्याली झाडं हायत."

सगळं कार्यालय गप्प झालं. उद्धवरावांना त्या गप्प होण्याचासुद्धा हेवा वाटला.

मग त्यांची पाळी आली. त्यांनी ऐटीत आपला नंबर सांगितला. साहेबांनी यादी चाळली. "एकशे तेरा? यादी तर एकशे बारालाच संपते."

मागं कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात अर्जुनरावच पुन्हा उठले.

"लिहायचं ऱ्हायलं आसंल, साहेब. नंबर मी सकाळीच पाह्यलाय. माझ्या भावाला वगळू नका."

साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. "हो, हद्दीला लागूनच दिसतोय. चूक आमची. तोडायच्या यादीत घेतो. तुमची काही हरकत?"

नंबर मी टाकला, एवढंच म्हणायचं होतं. बायकांच्या रांगेतून रंभाबाई त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. रंगाचा डबा कुणी उघडला ते तिला ठाऊक होतं. पण अर्जुनरावांनी मायेनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. याच्यासमोर हसं करून घ्यायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं.

"न्हाई," उद्धवराव म्हणाले. "हरकत न्हाई."

शेवटी कारकुनानं सगळं वाचून दाखवलं. अर्जुनरावांची हरकत नोंदली, रस्ता वळवण्याचा विचार होईल. एकशे तेराला मालकाची हरकत नाही. सही करायला उद्धवरावांनी पेन हातात घेतलं, बायकांच्या रांगेकडे पाहिलं. रंभाबाईची जागा रिकामी होती.