जर्मनीची उपकारस्तुती

पेढ्यावर अंगठा उमटला होता, जास्मिनचा. खोलगट, किंचित तिरपा, आणि त्या खळग्यात पिस्त्याचा एक काप आडवा रुतलेला... आमोस सरांनी बशी जवळ ओढली, परत होती तिथं सरकवली. मारियाबाईंनी बळेबळे हातात कोंबलेला तो पेढा नातीनं चर्चच्या आवारापासून घरापर्यंत तसाच चिमटीत धरून आणला होता, बशीत ठेवला होता, आणि समोरच्या खुर्चीत बसून म्हणाली होती,

"आजोबा, मी जर्मनीला जात नाहीये. केनिया घेतेय."

केनिया. शब्द ऐकू आला होता, अर्थही लागला होता, पण दोन्ही एकमेकांना चिकटत नव्हते. बाहेर कुणाचा तरी टेम्पो मागे येताना टूं टूं करत होता. स्वयंपाकघरात स्नेहलनं, जास्मिनच्या आईनं, कुकर उतरवला. हे सगळं नेहमीचं होतं आणि त्यामुळेच ते विचित्र वाटत होतं. आपल्या कानांना अजून कळलेलं नाही, असं त्यांना वाटलं. कान नेहमीसारखेच ऐकतायत.

"पण... मी तर आज..."

"हो," जास्मिन म्हणाली. "मी तिथंच होते ना. तिसऱ्या बाकावर."

सकाळी उपासनेच्या आधी त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं होतं. चर्चच्या पायरीवर मंडळीच्या सेक्रेटरींना, जॉनभाऊंना, गाठून हळूच म्हटलं होतं, आमची एक उपकारस्तुती घ्या. कुणाला मूल झालं, कुणाचं ऑपरेशन नीट पार पडलं, कुणाला नोकरी लागली, की पाळकसाहेब ते नावानिशी सांगतात आणि सगळी मंडळी मिळून देवाचे आभार मानते. आमोस सरांच्या नावानं आजवर एकही झाली नव्हती. मुलगा झाला तेव्हाही नाही. नाव पुकारलं की डोकी वळतात — त्या वळणाऱ्या डोक्यांची भीती. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी झाली तीही कपाटांच्या मागच्या बाजूला... आणि आज पाळकसाहेब म्हणाले होते, "आपले आमोस सर यांची नात जास्मिन उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जात आहे, म्हणून हे कुटुंब उपकारस्तुती करीत आहे," आणि डोकी वळली होती, आणि — हे विशेष — त्यांना बरं वाटलं होतं. मानेपासून खाली ऊन उतरावं तसं.

बाहेर आल्यावर मंडळीतल्या मारियाबाई पेढ्यांचा पुडा घेऊन सगळ्यांत फिरल्या. "खा गं पोरी! आन् सर, जर्मन जावई आला तर आदी त्याला ठेच्याची सवय लावा. न्हाई सोसला तर पाठवा माघारी!" सगळे हसले. जास्मिनही हसली होती. हसली होती ना? आता आठवू गेलं तर फक्त पेढा धरलेला तिचा हात दिसत होता.

शिष्यवृत्तीवाल्यांनी तिच्यापुढे दोन जागा ठेवल्या होत्या. एक निवडून आज संध्याकाळपर्यंत कळवायची होती. दोन आहेत हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यात निवडायचं काय? एकीकडे नदीकाठचं जुनं गाव, शेकडो वर्षांचं विद्यापीठ, दुधाळ गाईंच्या जातींवर काम करणारी प्रयोगशाळा. दुसरीकडे माळरान आणि शेळ्या. शेळ्या काय, इथंही आहेत. ते कुणाला विचारायला गेले नाहीत, कारण प्रश्नच नव्हता. सूर्य कुठून उगवतो हे कुणी विचारतं का...

"केनियात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"शेळ्या," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "पाऊस आपल्यासारखाच आहे तिथं. म्हणजे पडला तर. माणसं जनावरं घेऊन हिंडतात, रोग कुठून कुठं जातो ते त्यांच्याबरोबर हिंडून बघायचं. वर्षभर. मला तेच शिकायचंय, आजोबा. जर्मनीतली ती गाय एसीत राहते. मी ते शिकून आले तरी इथं सोनईत कुणाच्या गोठ्यात जाऊ?"

घोडेगाव. मागच्या उन्हाळ्यात ते तिच्याबरोबर घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला गेले होते, नाकाला रुमाल लावून, एका लिंबाखाली उभे. जनावरांची डॉक्टरकी शिकणारी आपली नात धुळीत गुडघे टेकून वय कळावं म्हणून एका शेळीचे दात बघत होती आणि शेळीची मालकीण, छबूबाई का कोण, ओरडत होती, "अगं डॉक्टरीनबाई, वय तिला इचार की! माजं इचारू नको फक्त!" त्यावर जास्मिन मागे रेलून हसली होती, तोंड उघडं टाकून, शेळीचा कान हातात तसाच. असं हसताना त्यांनी तिला घरी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा त्यांनी काय केलं? रुमालाची घडी बदलली. ऊन फार आहे, म्हणाले. म्हणजे दिसलं होतं. मला दिसलं होतं, आणि मी उन्हाबद्दल बोललो.

"तू मला सांगायचंस तरी," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कुठं?" तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तुम्ही मला त्या गावाचे फोटो दाखवायचात. नदी, पूल, ती वाचायची खोली, हिरव्या दिव्यांची. सकाळी उठल्या उठल्या 'ये, गुटेन मॉर्गन म्हण' म्हणायचात. मला वाटायचं, किती दिवसांनी आजोबा इतकं बोलतायत. बोलू दे." ती थांबली. "तिथं तुम्हालाच जायचं होतं ना?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. स्नेहल ऐकत असावी.

त्यांना नाही म्हणायचं होतं. मला कशाला, या वयात, मला श्रीरामपूर स्टेशनावरची गर्दी सोसत नाही... हे सगळं खरं होतं आणि तरी तोंडातून आलं नाही. कारण ती हिरव्या दिव्यांची खोली त्यांना पाठ होती. कुठल्या खिडकीजवळ बसायचं तेसुद्धा ठरलेलं होतं. त्या खिडकीत जास्मिन कधी बसलेली दिसली होती का? त्यांनी आठवून पाहिलं. खुर्चीत पाठमोरं कुणीतरी होतं. केस पांढरे होते.

हे कधी झालं? मी तिथं कधी जाऊन बसलो?

जास्मिननं मोबाईल उचलला, पुन्हा उपडा ठेवला. त्यांच्याकडे बघता बघता तिचा चेहरा सैल झाला. लहानपणी ताप उतरायला लागला की व्हायचा तसा.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "जर्मनीच कळवते. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. आता सगळ्या मंडळीत सांगून झालंय, पुढच्या रविवारी जॉनभाऊंना गाठून 'चुकलं' म्हणायचं म्हणजे तुम्ही आठवडाभर जेवणार नाही, मला माहितीय. नको. मी शिकेन गाईंचं."

आणि त्याच क्षणी — ती 'जर्मनीच' म्हणाली तेव्हाच, वाक्य पुरं व्हायच्याही आधी — त्यांच्या छातीत काहीतरी उमललं. सुटका नव्हे, सुटका त्यांना ओळखीची होती. हा आनंद होता, चक्क, धडधडीत, पोरगेला.

ते जागच्या जागी गार पडले.

आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं ते समजत आले होते. कुणाकडे काही मागितलं नाही, कुणाच्या वाटेत उभे राहिलो नाही, आवाज चढवला नाही. भित्रेपणाला त्यांनी चांगुलपणा म्हटलं होतं आणि घरानंही तसंच म्हटलं होतं. आणि आता त्याच भित्रेपणासाठी ही पोरगी आपलं एक अख्खं माळरान सोडून देत होती, त्यांनी बोटही न उचलता. किती जणांनी असं काय काय सोडलं असेल? स्नेहलनं? तिच्या सासूनं, आपल्या बायकोनं? सर लाजाळू आहेत, सरांना नको त्रास...

"आजोबा? कळवू ना मग?"

नाही म्हणायला एक शब्द पुरत होता. तो शब्द त्यांच्याजवळ होता. पण त्याच्या खाली तो आनंद अजून बसलेला होता, हलायला तयार नसलेला, ती जर्मनीला कबूल झाली म्हणून नाचणारा. आयुष्यभर त्यांना आपल्या कुठल्याच गोष्टीची खात्री वाटली नव्हती, वाचलेल्या पुस्तकांचीही नाही. आणि आज, या उजेडात, नातीच्या डोळ्यांपुढे, एका गोष्टीची पक्की खात्री झाली होती: जर्मनी आपल्यालाच हवी होती, तिचं माळरान हिरावूनसुद्धा. ती खात्री कुणाला सांगता येण्यासारखी नव्हती, आणि तिच्याकडे पाठ फिरवून बसायला घरात कुठलंच कपाट नव्हतं.