मिस्त्रीच्या मुठीतला हातोडा

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी काही गरीब गाय नाही. माझा जन्मच मार खाऊन झाला. लाल होईपर्यंत मला भट्टीत भाजलं, घणाखाली चेचलं आणि धगधगत असतानाच गार पाण्यात बुडवलं. इतका मार खाल्लेला कोणी पुढे शांत राहील का? मला ठोकायला आवडतं. खोटं कशाला बोलू?

माझं सगळं आयुष्य एका गॅरेजमध्ये गेलं. अपघातात चेपलेल्या गाड्या तिथे यायच्या. मिस्त्री डाव्या हाताने पत्र्याच्या मागे लोखंडी ठोकळा धरायचा आणि पुढून मला चालवायचा. ठण, ठण, ठण! तासाभरात दार असं सरळ व्हायचं की पोचा कुठे होता ते गाडीवाल्यालाही सापडायचं नाही. गॅरेज मिस्त्रीच्या थोरल्या भावाचं. त्याला सगळे दादा म्हणत. "याच्या हाताला डोळे आहेत," असं दादा गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि मी आपला फुशारून जायचो.

पण मिस्त्री दारू प्यायचा. प्यायला की मला घरी न्यायचा. घर गॅरेजच्या मागेच होतं. तिथे मी आरसा फोडला, कपाटाचं दार फोडलं, चुलीवरचं पातेलं जेवणासकट चेपलं. एकदा त्याने मला बायकोवर भिरकावलं. मी तिच्या कानाजवळून गेलो आणि भिंतीचा गिलावा फोडून खाली पडलो. चार बोटं इकडे असतो तर ती आज नसती. हे सांगताना मला लाज वाटते, पण त्या वेळी वाटली नव्हती.

तिने मला उचललं, नवऱ्याच्या नाकासमोर धरलं आणि म्हणाली, "आता या घरात एक तर दारू राहील, नाही तर मी."

मिस्त्रीने दारू सोडली. कशी सोडली ते विचारू नका. दवाखान्यात त्याला खाटेला बांधून ठेवावं लागलं होतं, असं दादा सांगायचा. तिथल्याच तपासण्यांत साखरेचा आजार निघाला, तोही चांगलाच वाढलेला. उजव्या पायाचं एक बोट कापावं लागलं आणि रोज पोटात इन्शुलिनची सुई आली.

सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. त्याच्या मनात काय चाललंय ते मात्र कोणीच विचारलं नाही. पूर्वी राग आला की तो दारूत बुडवायचा. आता राग होता तसाच होता आणि बुडवायला काही नव्हतं. मग तो गॅरेजमागच्या भंगारातल्या एका बॉनेटवर मला घेऊन तुटून पडायचा, पत्रा फाटेपर्यंत. परत आला की दादा म्हणायचा, "झालं? चल, कामाला लाग." संध्याकाळी घराच्या दारात बायको उभी असायची. मला ते गॅरेजच्या खिडकीतून दिसायचं. "अहो, 'हाऽ' करा," ती म्हणायची. तो तोंड उघडायचा, ती वास घ्यायची आणि मगच त्याला आत सोडायची. चौदा महिने हे एकही दिवस चुकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बॉनेटची खैर नसायची.

मग ती दुपार आली. एक वकीलसाहेब गाडीच्या दारासाठी डोक्यावर येऊन उभे होते. "अजून किती वेळ? मला कोर्टात जायचंय!" मिस्त्रीने नुकतीच सुई टोचून घेतली होती. दादा म्हणाला, "हे एवढं काढून दे, मग जेव." सुईनंतर जेवण लांबवायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मिस्त्री बोलला नाही. आजाराचं नाव काढलं की लोक 'बिचारा' म्हणतात, ते त्याला सहन होत नसे.

अर्ध्या तासाने त्याचे घाव चुकायला लागले. प्यायलेला असला की त्याची मूठ घट्ट असायची. आज ती ढिली होती, घामाने चिंब झाली होती. ही दारू नाही, हे मला कळत होतं. पण हातोड्याला विचारतो कोण?

"दार सरळ करताय की वाकडं?" वकील ओरडले.

मिस्त्री काहीतरी बोबडं बरळला आणि त्याने मला गरगर फिरवलं. गाडीची पुढची काच खळकन फुटली. दुसऱ्या घावाला बाजूचा आरसा उडाला. तिसरा वकिलांच्या टाळक्यातच बसायचा, ते मटकन खाली बसले म्हणून वाचले.

"परत ढोसलीस ना, नालायका!" दादा गरजला. त्याने भावाला मागून धरून जमिनीवर आपटलं आणि लाथाबुक्क्यांनी तुडवलं. मिस्त्रीचा ओठ फाटला. एक दात माझ्याशेजारी येऊन पडला. तो हात वर करत होता, पण त्याचे शब्द जुळत नव्हते.

आरडाओरडा ऐकून बायको धावत आली. सवयीने वाकली आणि तिने त्याच्या रक्ताळलेल्या तोंडाशी नाक नेलं. मग किंचाळलीच. "भावोजी, थांबा! वास नाही! हे प्यायलेले नाहीत, यांची शुगर उतरलीय!" तिने चहाच्या टेबलावरचा साखरेचा डबा ओढला, मूठभर साखर पाण्यात कालवली आणि घोट घोट पाजली. "गिळा, अहो, गिळा ना!"

पंधरा मिनिटांनी त्याची नजर ठिकाणावर आली. त्याने फुटलेली काच पाहिली, शर्टावरचं रक्त पाहिलं आणि दादाला म्हणाला, "न पिताही मारच खायचा असेल, तर पिऊन खाल्लेला काय वाईट?"

दादा खाली बसून फुटलेल्या काचा वेचू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला आणि मला उचलून थेट दादासमोर उभा राहिला. "दुकानात चाललोय. दारूच्या. तुझा हिशोब चुकता करून जातो."

दादा मागे सरकला नाही. "मार. माझं चुकलं. पण तिकडे जाऊ नकोस."

मिस्त्रीने मला डोक्यावर उचललं. खरं सांगतो मित्रांनो, मी आसुसलो होतो. मला दादाचं कपाळ हवं होतं.

मिस्त्री गर्रकन वळला आणि त्याने मला लोखंडी बाकावर हाणलं. परत हाणलं. घावागणिक तो ओरडत होता. "भीती वाटते, दादा! उरलेली बोटंही जातील! सकाळी उठलो की आधी पाय बघतो! रोज प्यावंसं वाटतं, आत्ताही वाटतंय! आणि तुम्ही सगळे मला नुसते हुंगता!" बाराव्या की तेराव्या घावाला माझा दांडा मधोमध मोडला आणि माझं डोकं उडून कोपऱ्यात गेलं.

दादाने शटर अर्धं खाली ओढलं आणि तो भावाशेजारी फरशीवर बसला. "अजून काय आहे ते बोल. मी बसलोय." मिस्त्री रडला, दादाला शिव्या घातल्या, परत रडला. दादाने मध्ये तोंड घातलं नाही. बायको डबा घेऊन आली आणि तीही तिथेच बसून ऐकू लागली.

याला आता दोन वर्षं झाली. आजार गेलेला नाही आणि जाणारही नाही. दारूची आठवण येते, पण आली की मिस्त्री ते मोठ्याने सांगतो आणि कोणीतरी हातातलं काम टाकून त्याच्याजवळ येऊन बसतं. रागही येतो. परवा त्याने रागाच्या भरात एक बादली लाथाडली आणि मग स्वतःच उचलून ठेवली.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवणी करतात की आम्हाला पुसा, तेल लावा, जपा. मी तसं म्हणणार नाही. तुमच्या घरात कोणी घामाघूम होऊन बरळत असेल, विनाकारण चिडत असेल, तर हात उगारण्याआधी जवळ जा आणि काय होतंय ते विचारा. जपायचं ते त्याला जपा. मला नवा दांडा बसवू नका. माझा अजून भरवसा नाही.